सतरा नंबरचं दार

लटारू वासेकर हा नंबरावर जगणारा माणूस होता. पोंभुर्ण्याच्या शेतकऱ्याचा मुलगा, सातवी पास, आणि हिवतापाच्या फवारणीच्या खात्यात पडताळणीदार. नाकासमोर चालणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात, पण खरं सांगायचं तर भारी हटवादी. त्याच्या काखेत कायम एक जाड वही असायची. वहीत घरांचे नंबर असायचे, आणि एकदा वहीत चढलेला नंबर त्याला देवाच्या शब्दासारखा वाटायचा. लोक त्याची टिंगल करत, "लटारूभाऊ, तुमचा सोताचा नंबर कितवा?" लटारूला त्यात हसण्यासारखं काही दिसायचं नाही.

साल चोपन्न. गडचिरोलीच्या पुढं जंगलातल्या टोल्यांवर, म्हणजे दहा-वीस घरांच्या वस्त्यांवर, तापानं घरंच्या घरं निजत होती. फवारणीची टोळी पाठीवर पंप घेऊन पुढं जायची, भिंतींवर डीडीटीचा पांढरा थर मारायची आणि दाराच्या चौकटीवर लाल रंगातल्या नंबराखाली तारीख टाकायची. तीन आठवडे गेले की मागून लटारू एकटा निघायचा. वहीतून मनाला येतील ते पाच नंबर काढायचे. वहीच्या मागच्या पानावर गावाचा हातानं काढलेला नकाशा असे, त्यात बघून नंबर जमिनीवर कुठं आहे ते शोधायचं. तिथं चालत जायचं, चौकटीवरचा नंबर वाचायचा, घरात माणसं किती ते हाक मारून विचारायचं, भिंतीवर बोट फिरवून पांढरं लागतं का बघायचं, आणि वहीत खूण करायची. शितावरून भाताची परीक्षा, दुसरं काय.

पण लटारूनं या साध्या कामाचं एक शास्त्र करून ठेवलं होतं. तो म्हणायचा, प्रत्येक घराला दोन पत्ते असतात. एक कागदातला, एक मातीतला. कागदातला पत्ता म्हणजे नंबर, तो हलत नाही. मातीतलं घर मात्र हलतं. माणसं ते मोडतात, पलीकडं नेऊन बांधतात, कधी जाळतात. या दोघांची गाठ नकाशात असते. ती गाठ चुकली तर औषध एका घरात जातं आणि माणूस दुसऱ्या घरात मरतो. हे त्यानं एकदा डोळ्यांनी पाहिलं होतं. एकाच नंबराची दोन घरं निघाली आणि गोळ्या धडधाकट माणसाच्या घरी गेल्या. तेव्हापासून त्यानं एकही खोटी खूण केली नव्हती, आणि याचा त्याला गर्व होता.

कार्तिकात तो कोसमटोल्याला आला. ओढ्याच्या दोन्ही अंगांना पिवळं धान, त्यामागं जंगल, आणि वहीत तेवीस घरं. पहिले चार नंबर बरोबर निघाले. पाचवा निघाला सतरा, मालक लालसू.

नकाशा सांगत होता, ओढा ओलांडायचा, मोहाचं झाड डावीकडं ठेवायचं, पुढं चाळीस पावलं. लटारू वहीत डोळे घालून पावलं मोजत चालला. भर दुपार झाली होती. चाळिसाव्या पावलाला समोर सागाची चौकट आली, दार बंद होतं, वर लाल सतरा आणि खाली तीन आठवड्यांपूर्वीची तारीख. ते वाचून त्यानं पुन्हा वहीत मान घातली आणि रोजची हाक मारली.

"घरात मानसं किती?"

"एक," आतून बाईचा आवाज आला.

त्यानं वहीत एक लिहिलं. मग भिंतीवर बोट फिरवायला हात पुढं केला, तर भिंत नव्हतीच. वर छप्पर नव्हतं. चौकटीच्या डावीकडं मोकळं रान, उजवीकडं मोकळं रान, आणि मध्ये नुसतं दार उभं होतं.

लटारू शहाणा माणूस. त्यानं स्वतःला समजावलं की रानात लाकडं वेचणारी एखादी बाई बोलली असेल. तो चौकटीला वळसा घालून मागं गेला. मागं कुणी नव्हतं. पण दाराला त्या बाजूनं अडसर लावलेला होता, आणि हात लागून लागून तो गुळगुळीत झाला होता. पुढच्या अंगाला घोटाभर पाचोळा पडलेला, आणि मागच्या अंगाला, जिथं कधी घर असेल तिथं, जमीन नुकती झाडल्यासारखी स्वच्छ. तो लगबगीनं ओढा ओलांडून टोल्यात परत आला, आणि मागं वळून बघायचं त्यानं टाळलं, हे त्याचं त्यालाच लागलं.

टोल्यात लालसूचं घर होतं, नवं, बांबूच्या तट्ट्याचं, मातीनं लिंपलेलं. चौकटीवर नंबर नाही, भिंतीवर पांढरा कण नाही. दारात लालसूची बायको मंगली आठ महिन्यांची पोर मांडीवर घेऊन बसली होती. पोर तापानं फणफणली होती.

"तुह्या घराले नंबर काऊन नाई?" लटारूनं लालसूला विचारलं.

लालसू तिशीतला, थोडक्यात बोलणारा माणूस. "त्या घराले होता, बाबू. याले नाई."

"टोळीवाल्यांनी फवारलं नाई?"

"मी म्हनलो, याले नंबर नाई. मंग ते तिकडं गेले, दारावर मारून आले."

लटारूनं कपाळावर हात मारला. घर नाही भिंत नाही, नुसत्या चौकटीवर पंप मारून तारीख टाकणारे अकलेचे कांदे त्याच्याच खात्यात भरले होते. तो टोळीवर तोंड टाकायला लागला तेव्हा शेजारच्या घरातून म्हातारी बुधरी बाहेर आली. टोल्यातलं बाळंतपण आणि मर्तिक दोन्ही तिच्या हातून जायचं. ती लटारूसमोर मटकन बसली आणि तिनं त्याला टोल्याची रीत सांगितली.

लालसूची पहिली बायको सुकरी, मंगलीची थोरली बहीण, फागुनात बाळंतपणात गेली. पोर वाचली. अशी बाई गेली की या टोल्यात ते घर मोडायचं, खांब, मयाली म्हणजे छताच्या तुळया, वरची कवेलू, सगळं नेऊन नवं घर बांधायचं, पण दार तिथंच उभं ठेवायचं. गेलेली बाई लेकराला शोधत घरी येते. तिला तिचं दार सापडलं पाहिजे. दार सापडलं की ती आत जाते, अडसर लावते, आणि लेकरू कुठं गेलं असेल याची वाट बघत बसते. पुढं वाळवी दार खाते, चौकट आपसूक पडते, तोवर तिची आसही सुटलेली असते. तोवर त्या दारावरची कुठलीही वस्तू जित्या घरात आणायची नाही.

"तो नंबर तिचा हाये, बाबू," बुधरी म्हणाली. "इथी नोको लिहू."

आता एखाद्या समजूतदार माणसानं काय केलं असतं? वहीच्या शेवटी चोवीस नंबर लिहून लालसूला दिला असता आणि मोकळा झाला असता. पण लटारूच्या कायद्यात नंबर मालकाबरोबर जायचा. मालक लालसू, नंबर सतरा. जुना नंबर असताना नवा दिला तर एका माणसाची दोन घरं होतात, आणि दोन घरं झाली की काय होतं ते त्यानं पाहिलं होतं. शिवाय पोरीचा ताप समोर दिसत होता. गोळ्या नंबराशिवाय देता येत नव्हत्या. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, उलट त्या पोरीचाच कळवळा होता, आणि तीच तर खरी गोम होती.

"बुधरीबाई, मेलेल्या मानसाले नंबर नसते," तो म्हणाला. "जित्या लेकराले गोळ्या पायजे. पोर मेली त तुमी जबाबदार राहान काय?"

लालसू ओढ्याकडं बघत राहिला. मंगलीनं पोरीला पदराखाली घेतलं.

लटारू एकटाच ओढ्यापलीकडं गेला. खिशातल्या सुरीनं त्यानं चौकटीवरचा सतरा खरवडून काढला. पुन्हा कुणी फसू नये म्हणून त्यानं चौकटीला खांदा लावला. वाळवीनं बूड पोखरलेलंच होतं, ती एका दणक्यात पाचोळ्यात आडवी झाली. मग त्यानं नकाशातली जुनी जागा खोडली, ओढ्याच्या अलीकडं नवी फुली मारली, आणि लालसूच्या नव्या चौकटीवर ठळक लाल रंगानं सतरा लिहिला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावातून टोळी बोलावून घर आतून बाहेरून फवारून घेतलं. गोळ्या दिल्या. पोरीचा ताप तिसऱ्या दिवशी उतरला. नंबर बरोबर, जागा बरोबर, माणूस बरोबर. लटारू समाधानानं पुढच्या गावाला गेला.

पंधरा दिवसांनी गोळ्यांचा गुण बघायला तो परत आला तेव्हा बुधरी वाटेवरच बसलेली होती. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती नुसती उठली आणि पुढं चालायला लागली.

मंगली घरात होती. छताच्या मयालीला बांधलेल्या झोळीत पोर निजली होती. रुखमा तिचं नाव. लटारूनं तिच्या कपाळाला हात लावला. ताप नव्हता, पण पोरीच्या अंगावर कातडं लोंबत होतं, हातांच्या काड्या झाल्या होत्या.

"खाऊन नाई राह्यली?" त्यानं विचारलं.

"घेतच नाई, भाऊ," मंगली म्हणाली. तिचा आवाज रडून रडून बसला होता. "बकरीचं दूध देतो, पेज देतो, तोंड फिरवते. रडत नाई. तिचं पोट भरलेलं राह्यते."

"कायनं भरलेलं?"

मंगलीनं पोरीला उचलून त्याच्यापुढं धरलं. पोरीच्या ओठांना दुधाचा वास येत होता. बकरीच्या दुधाचा नव्हे. बाळंतिणीच्या खोलीत येतो तो गोडसर, ऊन वास. मंगलीला मूल झालेलं नव्हतं. त्या घरात कुणाच्याच अंगावर दूध नव्हतं.

लटारूनं नजर वळवली ती भिंतीवर गेली. भिंत बघणं हा त्याचा धंदाच. सगळीकडं डीडीटीचा पांढरा थर जसाच्या तसा होता, फक्त झोळीजवळ, जमिनीपासून दीड हातापर्यंत, तो पुसला गेला होता. खाली रुंद, वर निमुळता, मध्ये कण्याची पट्टी. कुणीतरी रोज तिथं पाठ टेकून बसत होतं. भिंतीखाली पांढरी पूड पडली होती.

"तिथी कोन बसते?" त्यानं विचारलं.

"आमी कोनी नाई बसत," मंगली म्हणाली.

लटारूनं ठरवलं की बसून बघायचं. परीक्षा केल्याशिवाय त्यानं आजवर काही मानलं नव्हतं. लालसू शेतावर होता. बुधरी दारातच थांबली. मंगली चुलीपाशी, तो उंबऱ्याशी. ऊन डोक्यावर आलं. बाहेर एक कोंबडी कुरकुरत होती, ती गप्प झाली. मग झोळी हलायची थांबली, जशी कुणी हातानं धरल्यावर थांबते. पोरीनं तोंड उघडलं, ओठ पुढं केले, आणि तिचा गळा हलायला लागला. घुट, घुट, घुट. एखादं भुकेलं मूल अंगावर पितं तसा आवाज. भिंतीवरून चिमूटभर पूड सरकली आणि खाली पडली.

लटारूची पाचावर धारण बसली. पण सवय अशी असते की भीतीतही सुटत नाही. त्यानं वहीतला प्रश्न विचारला.

"घरात मानसं किती?"

"चार," बाईचा आवाज आला.

तोच आवाज. लालसू, मंगली, रुखमा, हे झाले तीन. मंगलीनं डोळे गच्च मिटून घेतले होते. तिनं हा आवाज पहिल्यांदा ऐकलेला नव्हता, हे लटारूला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. सर्वांत वाईट हे, की त्या आवाजात राग नव्हता. बऱ्याच दिवसांनी सुख लागलेल्या माणसाचा तो आवाज होता.

तो बाहेर येऊन अंगणातल्या एका मोहाखाली बसला. बुधरी त्याच्याजवळ बसली.

"मेलेल्या आईचं दूध," ती म्हणाली. "पोट भरते, अंगी नाई लागत. अमावस नाई पाह्यची हे पोर."

"मी आताच खरवडतो. पुसून टाकतो नंबर," लटारू म्हणाला.

"लालसूनं खरवडला ना. तिसऱ्याच दिवशी. पाह्य ना जाऊन." आणि खरंच, चौकटीवर नंबर उरला नव्हता, नुसता ओरखडा होता. "तिले लाकडाचं काम नाई आता. तू वहीत लिहून ठेवलं. ते तिथी पाह्यते."

"मंग वहीतला खोडतो."

"खोडून कुठी पाठवशीन तिले?" बुधरी पहिल्यांदा चढ्या आवाजात बोलली. "ज्या नंबराले घर नाई, तो साऱ्या घराईत फिरन. या टोल्यात सहा लेकरं हायेत, बाबू."

"जुन्या जागी लिहितो. चौकट उभी करून देतो."

"पाडलेली चौकट कोनी उभी केली त ती चौकटच राह्यते, घर नाई होत. आन् जिनं लेकराले पाजलं ते ओसाडीत जाऊन बसन काय? तिले आता घर पायजे. छप्पर पायजे, चूल पेटती पायजे, मानूस पायजे."

लटारू वहीच्या पुठ्ठ्यावरून अंगठा फिरवत राहिला. आयुष्यभर तो लोकांना सांगत आला होता की नंबर म्हणजे नुसतं घराकडं बोट. आता ते बोट कुठंतरी वळवायचं होतं, आणि ज्या घराकडं वळवू त्या घरात ती जाणार होती. कुणाच्या घरात? दुसऱ्या गावात एखादा नंबर तिच्यावर टाकून मोकळं होणं सोपं होतं, कुणाला पत्ताही लागला नसता. त्याच्या मनात ते आलंही. पण केलेलं निस्तरायचं ते आपल्या अंगणात, एवढी लाज त्याला होती.

"माह्या घरी पाठवतो," तो म्हणाला. "गडचिरोलीले. मी आन् माही बायको, दोघंच हाओत."

बुधरीनं त्याच्याकडं रोखून पाहिलं. "लेकरू?"

"नाई. बारा वर्स झाले लग्नाले. नाई झालं."

हे सांगताना त्याची मान खाली गेली. या गोष्टीवरून कमळानं किती देव केले, किती बायांचं बोलणं खाल्लं, ते त्याला माहीत होतं. गेली दोन वर्षं ती त्याविषयी बोलतच नव्हती. दुपारभर एकटी बसून सुपात तांदूळ निवडत राहायची, निवडलेलेच पुन्हा निवडायची.

"मंग चालते," बुधरी म्हणाली. "लेकरू नाई त पान्हा कोनासाठी? बसन काई दिवस. बसून बसून आटून जाईन. काई नाई करत ते, बिचारी." ती थोडी थांबून म्हणाली, "बायकोले सांगजो मात्र."

लटारूनं तिथंच मोहाखाली वही मांडीवर घेतली. लालसूच्या घराला चोवीस नंबर दिला. सतरा नंबरासमोरचं ठिकाण खोडलं आणि लिहिलं, 'गडचिरोली, लटारू वासेकर राहतो ती भाड्याची खोली.' आयुष्यातली ही त्याची पहिली खोटी नोंद. अक्षर मात्र नेहमीसारखंच नीट आलं. दोन दिवस चालून तो गडचिरोलीला आला आणि आपल्या खोलीच्या चौकटीवर, वरच्या कोपऱ्यात, लाल रंगानं सतरा लिहिला.

"हे काय लिहून राह्यले?" कमळानं विचारलं.

"सरकारी काम हाये," तो म्हणाला.

बायकोला सांगजो, असं म्हातारीनं बजावलं होतं. त्यानं सांगितलं नाही. भीती घालून काय मिळणार, दोन-चार महिन्यांचा तर प्रश्न आहे, असं त्यानं मनाशी म्हटलं. खरं कारण हे, की आपली चूक बायकोपुढं कबूल करायला त्याची जीभ उचलली नाही. पुरुषाची जात.

आठ दिवसांनी तो कोसमटोल्याला पडताळणीला गेला. टोल्यात शिरायच्या आतच त्याला रडणं ऐकू आलं. रुखमा भुकेनं बेंबीच्या देठापासून रडत होती, आणि तिच्या भोवती अख्खा टोला जमून हसत होता. मंगली तिला वाटीनं बकरीचं दूध पाजत होती, पोर वाटी सोडत नव्हती. लालसूनं लटारूचे दोन्ही हात धरले. भिंतीवर नवा थर दिला होता, तो कुठंही पुसलेला नव्हता. लटारू तिथं दुपार कलेपर्यंत बसला, पण झोळी आपली हलत राहिली. त्यानं चोवीस नंबरापुढं खूण केली. इतक्या आनंदानं केलेली खूण त्या वहीत दुसरी नसेल.

मग उरलेली गावं करता करता महिना गेला. परतल्यावर तो आधी कचेरीत गेला, वही जमा केली. मोठ्या साहेबांनी पानं उलटली, शेवटी सही केली, वहीवर लाख लावली आणि ती चांद्याला, जिल्ह्याच्या कचेरीत, जाणाऱ्या पेटीत टाकली. आता ती पुढच्या कार्तिकात उघडणार, तोवर त्यातला शब्द कुणालाच बदलता येणार नव्हता. पेटी लटारूच्या डोळ्यांदेखत मोटारीवर चढली. एवढं मोठं ओझं डोक्यावरून उतरलं म्हणून तो वाटेत थांबून एक कप चहा प्याला.

घरी आला तर कमळा त्याला ओळखू येईना. अंगणात सडा, रांगोळी, केसांत शेवंतीचं फूल. गालावर रंग आला होता. तिनं त्याला पाय धुवायला पाणी दिलं आणि पदर तोंडावर धरून हसली. बारा वर्षांत ती अशी हसलेली त्याला आठवत नव्हती.

"एकटी कंटाळली असशीन," तो म्हणाला.

"एकटी कुठी? ते बाई येते ना दुपारची."

"कोन बाई?"

"मले का मालूम, जंगलातली दिसते. तुमी गेले तवापासून येते. पह्यले दिवशी उंबऱ्यातच उभी होती, म्हने, हेच सतरा नंबर काय? मी म्हनलं, हो, ये ना बाई. लय गरीब हाये जी. काई मागत नाई, जास्त बोलत नाई. बसते माह्याजवळ."

लटारूनं तोंडावर पाणी मारायला उचललेला हात तसाच राहिला. भीती आलीच, पण म्हातारीचं बोलणंही आठवलं. लेकरू नाही तर पान्हा आटेल. बसू दे चार महिने. कमळाला तिची सोबत होत असेल तर त्यात वाईट काय? तो कसनुसा हसला.

"अवो," कमळा अगदी जवळ येऊन म्हणाली. "तुमाले एक सांगाचं हाये. तिनंच पह्यले वळखलं. माह्या पोटाकडे पाह्यलं, आन् रडाले लागली खुशीनं. मले खरं नाई वाटलं. मंग मी सुईनीले दाखवलं. तेही म्हने, तिसरा सरून राह्यला."

लटारूची नजर चौकटीवरच्या लाल सतराकडं गेली. त्याला बोलायचं होतं, हे घर सोडू म्हणायचं होतं, आजच, आत्ताच. पण घर सोडून जायचं कुठं? जिथं लटारू वासेकर राहील तिथं सतरा नंबर, असं त्यानंच आपल्या नीट अक्षरात लिहून दिलं होतं, आणि ती वही लाख लावून चांद्याच्या वाटेला लागली होती. कमळाला वाटलं, आनंदानं त्याची वाचा बसली. तिनं त्याचा ओला हात हातात घेतला.

"मले एकच भेव वाटे," ती म्हणाली. "चौतीस वर्साची झाली मी. या वयात दूध येईन का नाई. तिले म्हनलं त तिनं माह्या पोटावर हात ठेवला. म्हने, त्याची फिकर तू नोको करू बाई, मी हावो ना."